मोडलेला हात आणि मोडलेला वेळू

काही वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी कंपाउंडमध्ये फुटबॉल खेळताना हात मोडून घेतला. इथे दम्माममध्ये आम्ही त्याला घेऊन इस्पितळात गेलो. डॉक्टर सीरियन होते. त्यांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडात धरून पाहिला, हाड जागेवर बसवले आणि नर्सकडे वळून एकच शब्द उच्चारला, "जबीरा." थोड्या वेळाने हातावर प्लास्टर चढले, तेव्हा जबीरा म्हणजे काय ते कळले. घरी परतताना गाडीत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जबीरा आणि अल्जिब्रा हे एकाच घरातले शब्द! अरबीत 'जब्र' म्हणजे मोडलेले सांधणे, तुटलेले पूर्ववत करणे. हाड बसवणाराही तेच करतो आणि समीकरण सोडवणाराही तेच करतो. बीजगणिताशी माझा पंचवीसएक वर्षांचा संबंध, पण त्याच्या नावाचा खरा अर्थ मला इस्पितळात कळावा, याची थोडी लाजही वाटली.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमची कन्या गणितावर रुसली होती. ती तेव्हा दहावीत होती. अभ्यासात बरी, पायथागोरसचा सिद्धांत झोपेत म्हणून दाखवील. क्ष ची समीकरणेही भराभर सोडवते. पण त्या दिवशी वहीत एकाच उदाहरणावर तीनदा खाडाखोड होती. उदाहरण असे: भिंतीला सरळ उभी टेकवलेली एक शिडी आहे. तिचे खालचे टोक भिंतीपासून २ मीटर बाहेर ओढले, तर वरचे टोक अर्धा मीटर खाली घसरते. शिडीची लांबी किती?

"बाबा, यात साइन वापरायचा की टॅन?"

"अगं, पण कोन कुठे दिलाय?"

"तेच तर! कोन दिला नाही, म्हणजे उदाहरणच चुकलंय."

शिकवणीतून मुलांना सूत्रांचा एक छापील कागद मिळाला होता. त्यात या उदाहरणाला बसणारे सूत्र नव्हते, म्हणून उदाहरण चूक! मला हसूही आले आणि काळजीही वाटली. आपल्यापैकी बहुतेकांची मुले बारावीनंतर भारतात किंवा आणखी दूर कुठे एकटीच शिकायला जाणार. तिथे शेजारी बसून 'आता हे सूत्र लाव' असे सांगणारे कोणी नसेल. बरे, मुलीला येत नव्हते ते काय? पायथागोरस येत होता, समीकरणही येत होते. दोहोंच्या मधली पायरी तेवढी गाळली गेली होती. जे माहीत नाही त्याला एक नाव द्यायचे आणि ते माहीत असल्यासारखेच पुढे चालायचे, एवढीच ती पायरी. संगणकाच्या धंद्यात आम्ही दिवसभर दुसरे काय करतो?

तर शिडीची लांबी क्ष मानू. घसरल्यावर वरचे टोक जमिनीपासून (क्ष – ½) उंचीवर राहील. शिडी झाली कर्ण, भिंत आणि जमीन या काटकोनाच्या दोन बाजू. म्हणून

क्ष² = (क्ष – ½)² + २²

कंस सोडवला की उजवीकडे क्ष² – क्ष + ¼ + ४ असे येते. दोन्हीकडचे क्ष² उडाले. उरले ० = – क्ष + ४¼, म्हणजे शिडी सव्वाचार मीटर. कन्येचा पहिला प्रश्न, "एवढंच?" आणि दुसरा, "पण वर्ग कुठे गेले?" हा दुसरा प्रश्न चांगला आहे. त्याच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो.

तिला मी सांगितले, की तुझी ही शिडी नऊशे वर्षे जुनी आहे, फक्त तेव्हा ती शिडी नव्हती, कमळ होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात, एक तळे आहे. कमळाची कळी पाण्यावर वीतभर, म्हणजे अर्धा हात, उभी आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलली आणि मुळापासून दोन हातांवर पाण्यात बुडाली. पाणी किती खोल? देठ न तुटता झुकतो, म्हणजे देठाची लांबी हाच कर्ण. खोली क्ष धरली, तर (क्ष + ½)² = क्ष² + ४. खोली येते पावणेचार हात आणि देठ सव्वाचार हात. शिडी सव्वाचार मीटर, देठ सव्वाचार हात! आकडे हुबेहूब तेच. चित्र तेवढे उलटे. हे दाखवल्यावर कन्येने कमळ काढले, शिडी काढली आणि कागद आडवा-उभा फिरवून पाहिला. रुसवा तिथेच संपला.

लीलावतीतल्या 'क्षेत्रव्यवहार' या प्रकरणात अशी उदाहरणे ओळीने मांडलेली आहेत. त्यांतले माझे सर्वांत आवडते वेळूचे. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मधेच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तो किती उंचीवर मोडला? उभा राहिलेला भाग क्ष. मोडून तिरका पडलेला भाग ३२ – क्ष, आणि तोच कर्ण.

क्ष² + २५६ = (३२ – क्ष)² = १०२४ – ६४ क्ष + क्ष²

आता डॉक्टरांचा जबीरा इथे आणू. उजवीकडे '– ६४ क्ष' आहे, म्हणजे तिथे काहीतरी कमी पडले आहे, मोडले आहे. दोन्ही बाजूंना ६४ क्ष मिळवले, की उजवी बाजू पुन्हा धड झाली. हाच अल-जब्र. मग दोन्ही बाजू समोरासमोर ठेवायच्या आणि दोन्हीकडे जे सारखे असेल ते सारखेच काढून टाकायचे. क्ष² दोन्हीकडे आहे, गेला. २५६ डावीकडे आहे, तो उजवीकडच्या १०२४ मधूनही गेला. याला म्हणतात अल-मुकाबला, म्हणजे समोरासमोर आणणे. उरले ६४ क्ष = ७६८ आणि क्ष = १२. वेळू बारा हातांवर मोडला, तिरका भाग वीस हात. ताळा पाहा: १४४ + २५६ = ४००.

हे दोन शब्द ज्या पुस्तकाच्या नावात आहेत, ते बगदादच्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी खलिफा अल-मामूनच्या काळात, म्हणजे ८१३ ते ८३३ या वर्षांत लिहिले. त्यांच्याच नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ज्यावर माझ्यासारख्यांची घरे चालतात. हे पुस्तक पंडितांसाठी नव्हते. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खणणे यांत लोकांना लागणारे गणित द्यावे, असा हेतू त्यांनी प्रस्तावनेतच सांगितला आहे. पुस्तकाचा मोठा भाग वारसाच्या हिशेबांनी भरला आहे. आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. या पुस्तकात क्ष नाही, अधिक-उणे नाही, बरोबरची खूण नाही. सगळे समीकरण वाक्यांत लिहिलेले. अज्ञात राशीला ते नुसते 'शय' म्हणतात, म्हणजे 'वस्तू'. आपल्याकडे मात्र खुणा होत्या. भास्कराचार्य 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणतात आणि थोडक्यात 'या' लिहितात. अज्ञाते एकाहून अधिक असली, की रंगांची नावे येतात. काळ्यावरून 'का', निळ्यावरून 'नी'. लीलावतीत फक्त रीत सांगितली आहे, अज्ञात मांडलेले नाही. यातली काही उदाहरणे पुन्हा 'बीजगणिता'त येतात आणि तिथे 'या' घेऊन सुटतात.

आता कन्येचा प्रश्न. वर्ग जातात कुठे? पायथागोरसचा सिद्धांत थोडा वेगळा लिहून पाहा. कर्णाच्या वर्गातून एका बाजूचा वर्ग वजा केला, की दुसऱ्या बाजूचा वर्ग उरतो. आणि दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, हे आपण आठवीत शिकलो. म्हणून

(कर्ण + उभी बाजू) × (कर्ण – उभी बाजू) = आडव्या बाजूचा वर्ग

वेळूत बेरीज ठाऊक आहे, पूर्ण वेळूच ती, ३२. आडवी बाजू १६, तिचा वर्ग २५६. भागाकार ८. दोन संख्यांची बेरीज ३२ आणि फरक ८, म्हणजे २० आणि १२. हे तोंडी होते. कमळात फरक ठाऊक आहे, अर्धा हात. ४ ला ½ ने भागले की बेरीज ८. झाले. भास्कराचार्यांनी वेळूसाठी जी रीत दिली आहे ती नेमकी हीच: वर्गाला वेळूने भागा, आलेले वेळूतून वजा करा आणि त्यात मिळवा, दोहोंचे अर्धे घ्या. पाठ करणाऱ्याला हे वेगळे सूत्र वाटते. समीकरण मांडणाऱ्याला ते समीकरणाच्या पोटात दिसते.

मोराचे उदाहरण याच माळेतले. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हात अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराला दिसला. मोराने तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर काटले, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? बेरीज २७, वर्ग ८१, भागाकार ३. तीस भागिले दोन पंधरा, चोवीस भागिले दोन बारा. बारा हातांवर. साप धावताना मोर त्याच्या पुढच्या जागेचा अंदाज घेऊन झेपावतो, ही गंमत मुलांना आवडते. (आमच्या चिरंजीवांना साप सुटावा असे वाटत होते.)

माकडांच्या उदाहरणात मात्र जरा थांबावे लागते, कारण नाव कशाला द्यायचे हे तिथे कसोटीला लागते. शंभर हात उंच झाडावर दोन माकडे आहेत. तळे झाडापासून दोनशे हातांवर. एक माकड खाली उतरून चालत तळ्याकडे गेले. दुसऱ्याने झाडावरून आणखी थोडी वर उडी मारली आणि तिथून कर्णाच्या वाटेने थेट तळे गाठले. दोघांचा प्रवास सारखाच झाला. उडी किती उंच? शुक्रवारी मंडळातली पाच-सहा मुले आमच्याकडे गणिताला बसत, त्यांतल्या चौघांनी आधी कर्णाला क्ष म्हटले आणि मग उडीसाठी आणखी एक अक्षर घेतले. दोन अज्ञाते झाली आणि सगळे अडकले. चूक काही नव्हती, वाट लांबची होती. उडीलाच क्ष म्हणा. पहिल्याचा प्रवास ३००. दुसऱ्याचाही ३००, त्यातले क्ष उडीत गेले, म्हणून कर्ण ३०० – क्ष. उभी बाजू १०० + क्ष.

(१०० + क्ष)² + ४०००० = (३०० – क्ष)²

क्ष² दोन्हीकडून जातो, ८०० क्ष = ४०००० उरते, उडी पन्नास हात. माकडाने पन्नास हात उडी मारावी का, हा प्रश्न गणिताचा नाही.

प्रत्येक वेळी वर्ग उडतीलच असे समजू नये. लीलावतीतच एक उदाहरण आहे: कर्ण १७, दोन बाजूंची बेरीज २३. एक बाजू क्ष, दुसरी २३ – क्ष. इथे दोन्ही वर्ग एकाच बाजूला आहेत, ते एकमेकांना खात नाहीत. क्ष² – २३ क्ष + १२० = ० असे वर्गसमीकरण येते आणि उत्तरे ८ व १५. 'दोनांपैकी खरे कोणते?' असे मुले हमखास विचारतात. दोन्ही खरी. एक बाजू ८ धरली तर दुसरी १५, एवढाच त्याचा अर्थ. भास्कराचार्यांची रीत इथे आणखी देखणी आहे. कर्णाच्या वर्गाची दुप्पट ५७८, त्यातून बेरजेचा वर्ग ५२९ वजा, उरले ४९, त्याचे मूळ ७, आणि हा दोन बाजूंमधला फरक. तेवीस आणि सात वरून पंधरा आणि आठ.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत आनंद झाला ती सांगतो. अल-ख्वारिज्मींच्या पुस्तकात मोजणीवर एक प्रकरण आहे. मोजणीसाठी त्यांचा शब्द 'मिसाहा'. इथल्या घरांच्या जाहिरातींत क्षेत्रफळासाठी आजही हाच शब्द असतो. या प्रकरणात एक त्रिकोण येतो, बाजू १३, १४ आणि १५. काटकोन कुठेच नाही. क्षेत्रफळ हवे, तर उंची हवी. ते १४ च्या पायावर लंब टाकतात, म्हणजे एका त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण होतात. लंबाने पायाचा जो तुकडा केला तो 'वस्तू', आपला क्ष. दुसरा तुकडा १४ – क्ष. लंब दोन्ही त्रिकोणांना सामाईक, म्हणून त्याचा वर्ग दोन्हीकडून काढून एकापुढे एक ठेवायचा:

१६९ – क्ष² = २२५ – (१४ – क्ष)² = २९ + २८ क्ष – क्ष²

दोन्हीकडे क्ष² भरून काढला, उरले १४० = २८ क्ष, म्हणून क्ष = ५. लंब १२, क्षेत्रफळ ८४. सगळे पूर्णांकात!

आणि लीलावती उघडली तर तिथेही हाच त्रिकोण! संस्कृत रिवाजाप्रमाणे तिथे आकडे शब्दांत येतात. पाया 'मनू' इतका, मनू चौदा. एक बाजू तेरा, दुसरी 'तिथी' इतकी, तिथी पंधरा. भास्कराचार्यांची रीत: दोन बाजूंची बेरीज २८, फरक २, गुणाकार ५६, त्याला पाया १४ ने भागले की ४. हा पायाच्या दोन तुकड्यांतला फरक, म्हणून तुकडे ५ आणि ९. लंब १२, क्षेत्रफळ ८४. लगेच 'कोणी कोणाचे घेतले' या वादात शिरू नये. हा त्रिकोण त्याही आधी अलेक्झांड्रियाच्या हेरॉनकडे आहे. पूर्णांकात उत्तर येणारा सोयीचा त्रिकोण शिक्षकांच्या हातातून हातात फिरत राहतो, तसा हा फिरला असावा असे मला वाटते. मोडका बांबूही चिनी 'नऊ प्रकरणां'त आहे. तिथे तो दहा 'छ्र' लांबीचा असून टोक तीनवर टेकते. उत्तर अपूर्णांकात येते, आपला बत्तीस हातांचा वेळू त्या मानाने मुलांना सोपा.

भास्कराचार्य आपल्या मातीतले, हे मुलांना नकाशावर दाखवावे. आपण सह्याद्रीच्या आश्रयाने असलेल्या विज्जलविड गावचे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. हे गाव नक्की कोणते यावर मतभेद आहेत. पण चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळातला शिलालेख पक्का आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे, साल १२०७. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लीलावतीचे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ मध्ये केले, इंग्रजी कोलब्रुकने १८१७ मध्ये. अल-ख्वारिज्मींचे इंग्रजी रोझेनने १८३१ मध्ये. मराठीत ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' आहे. सुटीत पुण्याला गेलात तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जरूर विचारा.

मुलांना मात्र मोर आणि माकडांपेक्षा घरातले उदाहरण लवकर पटते. आमचे एक स्नेही नवा टीव्ही घ्यायला निघाले. भिंतीतल्या कपाटाचा कोनाडा १२० सेंटिमीटर रुंद, आवडलेला टीव्ही ५५ इंची. हे ५५ इंच म्हणजे कर्ण. नव्या पडद्यांची रुंदी आणि उंची १६ ला ९ या प्रमाणात असते. रुंदी १६ क्ष, उंची ९ क्ष म्हटले, की ३३७ क्ष² = ३०२५, क्ष जवळजवळ ३, रुंदी ४७.९ इंच म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरांनी टीव्ही बाहेर! दुकानात जाण्याआधी कन्येने हे सांगितले, तेव्हा काकांनी तिला आइस्क्रीम दिले. आपल्या लहानपणचे टीव्ही ४ ला ३ होते, म्हणजे चक्क ३-४-५ चा त्रिकोण. वीस इंची टीव्ही सोळा इंच रुंद आणि बारा इंच उंच, हिशेब तोंडी.

आणि शेवटी पुन्हा कमळ. खोबरच्या कॉर्निशवर उभे राहून समुद्र किती लांबपर्यंत दिसतो? पृथ्वीच्या मध्यापासून क्षितिजापर्यंतची रेषा ही एक बाजू, म्हणजे पृथ्वीची त्रिज्या, ६३७१ किलोमीटर. क्षितिजापासून डोळ्यापर्यंतची नजर ही दुसरी बाजू. दोन्ही काटकोनात. डोळ्यापासून मध्यापर्यंतचे अंतर कर्ण, त्रिज्या अधिक आपली उंची. म्हणजे पृथ्वी झाली तळे, आणि आपण पाण्यावर उभी कळी! नजरेचा वर्ग = (त्रिज्या + उंची)² – त्रिज्या², म्हणजे दुप्पट त्रिज्या गुणिले उंची, अधिक उंचीचा वर्ग. शेवटचा तुकडा इतका लहान की सोडून देता येतो. डोळे १.६ मीटरवर असतील, तर ०.००१६ किलोमीटर गुणिले १२७४२, त्याचे मूळ साडेचार. साडेचार किलोमीटरवर समुद्र संपतो. अल-बिरूनींनी पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून हाच त्रिकोण उलटा वापरला होता. डोंगराची उंची आणि क्षितिज किती अंशांनी खाली दिसते हे मोजून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. तिथे मात्र कोन लागला, आणि कन्येच्या साइन-कोसाइनला अखेर काम मिळाले.

प्लास्टर निघाल्यावरच्या शुक्रवारी आम्ही कॉर्निशवर गेलो होतो. चिरंजीवांनी विचारले, "ताई, किती उंच चढलं की बहारीनचा किनारा दिसेल?" १९८६ साली सुरू झालेला किंग फहद पूल २५ किलोमीटर लांब आहे. तो सरळ आहे असे धरून तिने वाळूत ६२५ भागिले १२७४२ मांडले. उत्तर आले ०.०४९ किलोमीटर, म्हणजे एकोणपन्नास मीटर, साधारण पंधरा-सोळा मजले. आमची इमारत चार मजल्यांची आहे. त्या दिवसापासून दोघेही पंधरा मजल्यांच्या इमारतीत कोण ओळखीचे राहते, याच्या चौकशीत आहेत.